बाथरूमचा कोयंडा

अकरा वर्षांत लातिंका कामाच्या वेळेत एकदाही बाथरूमला गेली नव्हती, आणि ही गोष्ट ती अशा थाटात सांगायची, जशी दुसरी एखादी बाई आपला मुलगा इंजिनिअर झाल्याचं सांगते. सकाळी साडेसातला मशीनवर बसायची ती दुपारी चारलाच उठायची. घरून निघताना कॉफी, तीही अर्धा कप. नव्या पोरी आल्या की ती त्यांना शिकवायची, "सवयीचा प्रश्न आहे गं. प्यायचंच नाही, म्हणजे जायचंच नाही." शिवणहॉलच्या भिंतीवर तिचा फोटो लागला होता, खाली लिहिलेलं, ‘आमची उत्तम कामगार’. फोटोत ती ओठ मिटून हसत होती. तेव्हाही तिला लागलेलीच होती, पण ते फोटोत कुठे दिसतं?

तिथला नियमच तसा होता. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर अठरा जणींची ओळ, आणि अठरा जणींत मिळून पत्र्याचा एक बिल्ला. तो सुपरवायझर बिस्त्राच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला असे. बिल्ला घ्यायचा, जाऊन यायचं, चार मिनिटांच्या वर झालं की बिस्त्रा वहीत नाव लिहिणार. आणि गुरुवारी, म्हणजे माल ट्रकवर चढायच्या दिवशी, दोन वाजल्यापासून बाथरूमला सरळ कुलूप. चारपर्यंत. त्यासाठी बिस्त्राच्या नवऱ्याने दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवून दिला होता. घरच्या कोंबड्यांच्या खुराड्यालाही त्याने तसलाच बसवला होता म्हणे, आणि हे सांगताना बिस्त्राला काही वाटलंही नव्हतं.

पूर्वी इतकी घाई नव्हती. उन्हाळ्याचा माल एकदा, हिवाळ्याचा एकदा, आणि मध्ये बायका हिवाळ्यासाठी मिरच्या भाजून ठेवायला रजा घ्यायच्या. आता दर आठवड्याला नवा रंग. कुठल्या तरी देशात कुणीतरी बाई पलंगावर पडल्या पडल्या फोनवर बोट टेकवते, आणि तिला परवा दारात व्यायामाच्या लेगिंग्ज हव्या असतात. तिचं बोट टेकलं की राजधानी सोफियातल्या ऑफिसातून बिस्त्राला फोन येतो. बिस्त्रा दोन गोळ्या चघळते, पित्तावरच्या, आणि ओळीत येऊन टाळ्या वाजवते. एवढंच.

जूनपासून लातिंकाच्या पाठीत डावीकडे दुखायला लागलं. अख्ख्या ओळीने एका सुरात निदान केलं की वारं लागलंय. खिडकी हिच्या पाठीमागे आहे ना, मग दुसरं काय असणार? आमच्याकडे माणूस युद्धातून वाचेल, पण दोन उघड्या खिडक्यांमधल्या वाऱ्यातून वाचणार नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. झालं, जुलैच्या उकाड्यात खिडक्या बंद. शेजारच्या मशीनवरची स्पासका घरून लोकरी पट्टा घेऊन आली आणि तिने तो लातिंकाच्या कमरेला बांधला. मेतोदीने, म्हणजे नवऱ्याने, रोज संध्याकाळी पाठीला द्राक्षाची दारू चोळली. घाम दुप्पट, पाणी तेवढंच, आणि दुखणं काही हलेना.

सप्टेंबरात एका मंगळवारी ती शिवता शिवता निळ्या लेगिंग्जच्या ढिगावर आडवी झाली.

हॉस्पिटलातली डॉक्टर दारिना मुलीच्या वयाची. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. तिने तपासण्यांचे कागद पुढे ठेवले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "मावशी, वारं-बिरं काही नाही. मुतखडा अडकला होता, त्यावर जंतुसंसर्ग. डावी किडनी अर्ध्यावर आलीय. आता यापुढे रोज तीन लिटर पाणी. आणि दर दोन तासांनी जायचं, लागली असो वा नसो."

"कामावर?"

"कामावर, घरी, चर्चमध्ये. असंच ताणून धरलंत तर वर्षभरात ती किडनी काढावी लागेल. उजवीचंही मग काही सांगता येणार नाही."

लातिंकाचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. पांढऱ्या कोटाखाली डॉक्टरच्या पायांत लेगिंग्ज होत्या, गडद हिरव्या. एप्रिलमधला माल. पोटरीवरची शिवण बघताच तिने ओळखलं, ही आपल्याच ओळीची.

"डॉक्टरीणबाई, जरा वळा बघू." डॉक्टर गोंधळून वळली. "ही माझी शिवण आहे. आत कमरेला लेबल असेल. त्यावर काय लिहिलंय, सांगाल? रोज सहाशे-सातशे लावते मी. एकावर ‘बल्गेरियात तयार’ आहे ते कळतं. दुसरं इंग्रजीत आहे."

डॉक्टरने कमरेची पट्टी उलटून वाचलं आणि तिचा चेहरा पडला. "लिहिलंय, ‘आपल्या शरीराचं ऐका.’"

लातिंका हसली. हसता हसता पाठीत कळ आली तरी हसत राहिली. सहाशे वेळा, रोज, स्वतःच्या हाताने! आणि शरीर बिचारं जूनपासून ओरडत होतं, त्याला हिने लोकरी पट्टा बांधून गप्प बसवलं होतं.

"किती आहेत तुमच्याकडे असल्या?" तिने विचारलं.

"पाच," डॉक्टर ओशाळून म्हणाली. "सेल होता. दोन अजून उघडल्यापण नाहीत. व्यायामाला जायचं म्हणून घेतल्या, पण वेळच मिळत नाही."

"आणि सकाळपासून तुम्ही पाणी किती प्यायलात?"

डॉक्टर विचार करायला लागली. वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या तिच्या टेबलावर कॉफीचे तीन रिकामे कागदी कप आणि एक अर्धं खाल्लेलं वेफर पडलं होतं. लातिंकाने उशाशी ठेवलेला आपला ग्लास उचलला आणि तिच्यापुढे धरला. "घ्या. माझ्यासमोर प्या." डॉक्टरने मुकाट्याने पूर्ण ग्लास संपवला. मग तिने कामाच्या ठिकाणी द्यायचा कागद लिहिला, दोन शिक्के मारले आणि ‘दर दोन तासांनी’ ही ओळ अधोरेखित केली.

घरी आल्यावर लातिंकाने तळघरातून तीन लिटरची काचेची बरणी वर आणली.

"ती कोबीच्या लोणच्याची आहे," मेतोदी म्हणाला. "कोबी घालायला मी काय टोपी वापरू?"

"कोबी यंदा कमी खा. माझी किडनी जास्त महत्त्वाची आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय," मेतोदी म्हणाला, आणि बरणी त्यानेच घासून दिली. वरची जुनी चिठ्ठी मात्र निघाली नाही. ‘मिरच्या, तिखट’.

सोमवारी बरणी मशीनशेजारी जमिनीवर उभी राहिली तेव्हा सगळी ओळ वळून बघायला लागली. बिस्त्रा आली. "लातिंकाताई, हे काय? कापडावर पाणी सांडलं तर?"

"खाली ठेवलीय, झाकण लावलंय. आणि हा डॉक्टरांचा कागद."

बिस्त्राने कागद वाचला आणि खणात ठेवला. "ऑफिसला पाठवते. उत्तर येईपर्यंत नियम तोच. मला दोष देऊ नका, माझ्याही डोक्यावर कुणीतरी बसलंय."

कागदाचं उत्तर यायचं तेव्हा येईल. लातिंका घटाघटा पीत राहिली. पहिल्यांदा उठली तेव्हा खिळ्यावर बिल्ला नव्हता, कुणीतरी गेली होती. दुसऱ्यांदा बिल्ला मिळाला. तिसऱ्यांदा बिस्त्रा म्हणाली, "आत्ताच तर जाऊन आलात," आणि वहीत नाव लिहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मंगळवारी तीनदा, बुधवारी चारदा. नव्या पोरींपैकी एक हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीच तर आम्हाला शिकवलं होतंत, प्यायचंच नाही म्हणून."

हे तिला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. "चुकीचं शिकवलं," ती म्हणाली. "मूर्ख होते मी. फोटोसाठी किडनी दिली." आणि बरणी उचलून तिने त्या पोरीपुढे सरकवली. "घे, पी."

पोरीने बिस्त्राकडे बघितलं आणि मान खाली घातली. प्यायली नाही.

गुरुवार उजाडला. गुलाबी रंगाचा माल, ट्रक चारला येणार, सातशे नग बाकी. दोन वाजता बिस्त्रा उठली, कोयंड्यात कुलूप अडकवलं, किल्ली खिशात टाकली. सव्वादोनला लातिंकाने मशीन बंद केलं आणि टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"किल्ली दे."

"चारला," बिस्त्रा म्हणाली. मान वर न करता.

"मला आत्ता जायचंय."

"सगळ्यांनाच जायचं असतं, लातिंकाताई. मी काय इथे मजेत बसलेय? मी सकाळी सहापासून इथे आहे. आज माल उशिरा गेला तर पुढची ऑर्डर दुसऱ्या गावात जाईल. मग बसा सगळ्याजणी घरी पाणी पीत."

हे ऐकून पूर्वीची लातिंका मूग गिळून परत बसली असती. याच बिस्त्राला वीस वर्षांपूर्वी, आधीच्या कारखान्यात, तिने सुईत दोरा ओवायला शिकवलं होतं. तेव्हा ही घाबरलेली असायची, दोरा ओठांत धरून ओला करायची. आताही घाबरलेलीच आहे, फक्त हातात किल्ली आलीय, हे लातिंकाला लख्ख दिसलं. दया आली, नाही असं नाही. पण दयेपोटी किडनी द्यायची नसते. तिने अकरा वर्षं दिली होती, बस्स झालं.

तिने एप्रनच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. सुई बदलायला, कापड दाबणारा फूट घट्ट करायला तो प्रत्येकीच्या खिशात असतोच. बाथरूमच्या दाराशी गेली आणि कोयंड्याच्या पहिल्या स्क्रूला लावला. बिस्त्राच्या नवऱ्याने खुराड्याच्या हिशेबाने बसवलेला, स्क्रू सगळे उघडेच होते. कोंबडीला कुठे स्क्रूड्रायव्हर धरता येतो?

"लातिंकाताई, काय करताय? हे कंपनीचं सामान आहे!"

"किडनी माझी आहे," लातिंका म्हणाली. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला वेळ लागला. चौथा रंगात बसला होता, हलेचना. तिचा हात घामाने सुटत होता, आणि पोटाखाली तर असह्य झालं होतं. एवढं करून इथेच, सगळ्यांसमोर फजिती झाली तर? या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागे एक मशीन थांबलं. मग खुर्ची सरकली. स्पासका आपला मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली, जो ती कुणालाही हात लावू देत नसे.

"सरक," स्पासका म्हणाली. "तुझ्या या टाचणीने काय होणार आहे?"

तिने अंगाचा सगळा भार टाकून पिळला. स्क्रू करकरला आणि निघाला. कडी-कोयंडा कुलपासकट लातिंकाच्या हातात आला. तिने तो स्पासकाच्या हातात कोंबला, आत गेली, आणि घाई केली नाही. चार मिनिटं होऊन गेली. सहा झाली. हात साबण लावून स्वच्छ धुतले. बाहेर आली तेव्हा दाराशी स्पासका होती, स्पासकाच्या मागे दोघी, त्यांच्या मागे ती नवी पोरगी. हॉलमधलं एकही मशीन चालत नव्हतं.

लातिंकाने स्पासकाकडून कोयंडा घेऊन बिस्त्राच्या टेबलावर ठेवला. कुलूप अजून त्याला लटकत होतं.

"किल्ली तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली.

"तुम्हाला काढून टाकतील," बिस्त्रा म्हणाली.

"टाकू देत. डॉक्टर माझी किडनी काढणार होती, त्यापेक्षा हे परवडलं."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सोफियातलं ऑफिस. बिस्त्राने फोनकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. रांग एव्हाना बारा जणींची झाली होती. "काय सांगू मी यांना?" ती पुटपुटली. फोन वाजतच राहिला, आणि मग लातिंकाने तो उचलला.

"बिस्त्रा नाही, मी लातिंका बोलतेय. लातिंका कोण? भिंतीवरच्या फोटोतली. हो, उत्तम कामगार." ती पलीकडचं ऐकत राहिली. "ट्रकला थांबायला सांगा. माल तासभर उशिरा निघेल. का म्हणजे? आम्ही लघवीला गेलोय." पलीकडे काहीतरी जोरात बोलणं झालं. "नाही, एकटी नाही. सगळ्याजणी. आणि साहेब, तुमच्या लेबलवर काय लिहिलंय ते एकदा वाचून बघा, आम्ही तेच करतोय."

फोन ठेवून ती वळली, तेव्हा रांगेत हशा पिकला होता. स्पासका डोळे पुसत हसत होती. आणि रांगेच्या अगदी शेवटी, कुणाच्या नजरेला नजर न देता, बिस्त्रा येऊन उभी राहिली होती.

"पुढे जाऊ दे हिला," कुणीतरी म्हणालं. "सकाळी सहापासून आहे ती."

"रांगेतच राहू दे," लातिंका म्हणाली. "तिलाही कळू दे वाट बघणं." आणि नळाखाली बरणी धरून तिने ती पुन्हा काठोकाठ भरली. या खेपेला त्या नव्या पोरीने स्वतःहून ग्लास पुढे केला.

माल सव्वापाचला गेला. पुढच्या आठवड्यात लातिंकाला ताकीद देणारं पत्र आलं. तिने ते दुमडून मशीनच्या डगमगत्या पायाखाली घातलं. भिंतीवरचा फोटो कुणीतरी काढून नेला, त्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही. दुसरी ऑर्डर आली, केशरी रंगाची. दुसऱ्या गावात काही गेली नाही. ओळीत आता पाच बरण्या होत्या, आणि मेतोदी बाजारात आणखी शोधत होता.

कोयंडा बिस्त्राच्या खणात, डॉक्टरच्या कागदाशेजारी पडून आहे. पुढच्या गुरुवारी दोन वाजता तिने खण उघडला, त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि खण परत बंद केला. बसवायला पाच मिनिटंही लागली नसती. पण हॉलमध्ये अठरा जणी बसल्या होत्या, आणि अठरा जणींच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होते.