शामलाची तोंडी परीक्षा

मी सुभद्रा. नागपूरला रामदासपेठेतल्या मुलींच्या शाळेत पाचवी ते सातवीला इतिहास शिकवते, म्हणजे ओरडणं हे माझं पोटापाण्याचं काम. सबंध शाळेत माझा आवाज मोठा. आणि माझ्याच वर्गात ही शामला, जिचा आवाज दोन वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

मुकी नव्हती हो! घरी बोलायची. मूळची पारशिवनीकडची, शाळेसाठी गांधीबागेत मामाकडे राहायची. पाचवीत आली तेव्हा उत्तर द्यायला उभी राहिली, पहिलंच अक्षर ओठांशी अडकलं, काही केल्या निघेना, आणि सगळा वर्ग खदाखदा हसला. त्या दिवसापासून शाळेत तिनं तोंड उघडलं नाही. लेखी पेपरात पोरगी वरच्या पाचांत आणि तोंडी परीक्षेत भोपळा. मराठीत भोपळा, हिंदीत भोपळा, माझ्या इतिहासातही भोपळाच.

आमच्या मोठ्या बाई, शोभाताई, नियमाच्या पक्क्या. सातवीच्या सुरुवातीलाच त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सहामाहीत हिनं तोंडी दिली नाही तर मी दाखला हातात देईन. दोन वर्षं ढकललं, आता नाही."

"मग घालायची कुठे तिला? मुक्यांच्या शाळेत?" मी विचारलं.

"ते तिच्या घरचे पाहतील," त्या म्हणाल्या. घरचे काय पाहणार होते? पारशिवनीत बापानं आधीच जाहीर केलं होतं, की नागपूरच्या शाळेनं परत पाठवली तर पोरगी घरीच बसेल. हे शामलालाही माहीत होतं.

त्याच वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, सरकारी योजनेतून शाळेत एक कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, खिडकीला जाड पडदे, चपला बाहेर. नव्या सुनेचे नसतील एवढे लाड! विज्ञानाचे वसंत सर त्याचं शिक्षण घेऊन आले होते. ते मला म्हणाले, "बाई, तुमच्या इतिहासाचा एक धडा यात घालू." मी उसळलेच. म्हटलं, इतिहास काय बटणं दाबून शिकवायचा असतो? पण ते चिवट. प्रश्न मी काढले, ते मशीनच्या भाषेत बसवले त्यांनी, आणि धडा साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरला. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली मराठी. टेपरेकॉर्डर किरकिर करायचा आणि थोड्या वेळानं पडद्यावर प्रश्न यायचा.

मुलींना पाळीपाळीनं बसवलं. शामलाची पाळी आली. पडद्यावर प्रश्न होता, नागपूर कोणी वसवलं? पोरीनं क्षणभर पाहिलं आणि एकेक अक्षर शोधून दाबलं: बख्त बुलंद शाह. पडद्यावर शाब्बास आलं. मग सीताबर्डीची लढाई भोसले का हरले, असा प्रश्न होता. बाकीच्यांनी तिथे एकेक ओळ ठोकली होती. ही लिहीतच सुटली! फौज, टेकडी, दारूगोळा, आपसातली फूट, सगळं. शेवटी तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली: बाई, हे हसत नाही.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले. मी, जिच्या नावानं पोरी चळाचळा कापतात.

मग मी शोभाताईंच्या मागेच लागले. तिची तोंडी मशीनवर घ्या, तुमच्यासमोर घ्या. दगडाला पाझर फुटला असता, पण बाई हलेनात. अखेर वैतागून म्हणाल्या, "बरं. पण त्या दिवशी पास झाली तर झाली. पुन्हा माझ्यापाशी यायचं नाही." दसऱ्याच्या सुटीआधीचा, शाळेतल्या पूजेचा दिवस ठरला. वसंत सरांनी तिच्यासाठी नवी कॅसेट भरली. बरोबर उत्तर आलं की पडद्यावर यायचं, शाब्बास शामला.

पूजेच्या दिवशी तिची आई रुखमाबाई सकाळच्या गाडीनं आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर. मला पाहिल्याबरोबर पायाच पडायला लागली. "बाई, तुमच्या मशीननं माह्या पोरीले वाचा देल्ली जी. गावात सांगतलं तं कोणी मानून नाही राहिलं."

"अजून व्हायचं आहे, माय. बसा इथे," म्हणून मी तिला मशीनच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं आणि शामलाला घेऊन हॉलमध्ये गेले. तिथे सरस्वती होती, शिवणाच्या मशिनी, हार्मोनियम, प्रयोगशाळेतला तराजू, सगळ्यांना हळदीकुंकू लागत होतं. शामला माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि बोटं मांडीवर नाचवत अक्षरं घोकत होती.

पूजा आटोपली. शोभाताई, वसंत सर, शामला आणि मी खोलीत आलो. पडद्याच्या काचेवर कुंकवाचा ठसठशीत टिळा, वर झेंडूचं फूल, बटणांवर चार अक्षता. रुखमाबाई दाराशी हात जोडून उभी. मला हसूच आलं. म्हटलं, असू दे, तिचंही मन. मी पदरानं अक्षता झटकल्या.

"चालू करा," शोभाताई म्हणाल्या.

वसंत सरांनी बटण दाबलं. चर्र झालं. बटणांच्या फटींतून धुराची एक रेघ निघाली आणि जळका, गोडसर वास आला. सरांनी झपकन वायर उपटली, मशीन तिरकं केलं, आणि आतून पाणी ठिबकलं. नारळाचं पाणी! टेबलाखाली दोन वाट्या नीट ठेवलेल्या होत्या.

नव्या ट्रॅक्टरवर फोडतात ना नारळ, तसाच. त्या माउलीला काय माहीत, की या यंत्राचा सगळा जीव त्या बटणांच्याच खाली असतो!

शोभाताई लालबुंद झाल्या. "सरकारी मशीन आहे हे! कोणाचा हा शहाणपणा?"

रुखमाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिचे ओठ हलायच्या आत माझ्या शेजारून आवाज आला.

"मी."

स्वच्छ. कुठे अडखळणं नाही, काही नाही. दोन वर्षांत शाळेत बोललेला तिचा पहिला शब्द.

"खोटं आहे!" मी ओरडले. "ही पूर्ण वेळ माझ्यापाशी बसली होती."

"म्या केलं जी, बाई," रुखमाबाई रडतच पुढे आली. "पोरीले काही नका म्हणू. चांगलं व्हावं म्हणून केलं जी म्या."

पण शोभाताई शामलाकडेच पाहत होत्या. "म्हणजे बोलता येतं. खोटंही बोलता येतं. मग आता तोंडानंच सांग, नागपूर कोणी वसवलं?"

शामलाचे ओठ मिटले, उघडले. ब वर येऊन ती थांबली. गळ्याची शीर ताठ झाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तो ब काही सुटेना. "बोल वं माय, बोल," आई म्हणत होती. "तुले तं येते ना वं सगळं." मला उत्तर येत होतं, वसंत सरांना येत होतं, शोभाताईंना येत होतं. देवा रे, आणि सगळ्यांत जास्त तिला येत होतं!

मी भांडले. हात जोडले. वरच्या ऑफिसात जाईन म्हणून धमकीही दिली. शोभाताई एवढंच म्हणाल्या, "आणि तिथे काय सांगाल? मशीन कोणी जाळलं ते?" एवढा मोठा आवाज माझा, त्या दिवशी कवडीच्या कामाचा नव्हता.

दाखला दुपारीच मिळाला. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. शामला खिडकीशी बसली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रुखमाबाईनं गाडी सुटता सुटता माझा हात घट्ट धरला. "बाई, म्या तं चांगलंच केलं होतं ना जी?"

"हो, माय. चांगलंच केलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगू?

मशीन दुरुस्त होऊन आलं तोवर उन्हाळा लागला होता. वसंत सरांची बदली झालेली. पहिली कॅसेट कुठे गेली कोण जाणे, कपाटात ही एकच सापडली. तिच्यातलं नाव कसं बदलायचं ते शाळेत कुणालाच येत नाही. मला तर नाहीच नाही. त्यामुळे आता कुठलीही पोरगी बसो, बरोबर उत्तर दिलं की पडद्यावर येतं, शाब्बास शामला. पोरी हसतात. म्हणतात, "बाई, ही शामला कोण?"

मी ओरडते, "गप बसा, पुढचा प्रश्न वाचा."