डाव्या खिशातली माझी जागा

९ नोव्हेंबर. सकाळी थोडं धुकं, नऊनंतर कोरडं ऊन, वारा नाही.

मी एक मॅग्नेट बोलतोय. वेल्डिंग करताना लोखंडाचे दोन तुकडे काटकोनात धरून ठेवतो, तो मी. रंगाने लाल, आकाराने बाणाच्या टोकासारखा. माझी जागा ज्याने घेतली त्याला मी सोडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना मन हळवं करणारी गोष्ट हवी असेल त्यांनी इथेच थांबावं.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन जाड पत्र्यांच्या मध्ये मला दाबून बसवलं आणि रंग दिला. पुढे बरेच दिवस मी जुन्या पनवेलमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात काचेमागे पडून होतो. गिऱ्हाइकं मला उचलायची, खिळ्यांच्या डब्यात बुडवून गंमत बघायची, आणि खिळे झटकून परत ठेवायची. चुंबकाची गंमत सगळ्यांना हवी असते. काम कुणी देत नाही.

धर्मराजने गंमत केली नाही. त्याने पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला, माझ्या कोनाला लावून उजेडात धरला आणि म्हणाला, "हा बरोबर आहे."

खांदा कॉलनीत त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर बारीक स्क्रू आणि दुसऱ्यांचे डोळे. संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये हातोडा, कानस, करवत आणि वेल्डिंग मशीन. कुणी शिकवलेलं नव्हतं, बघून बघून आणि भाजून घेऊन शिकलेला. शेजाऱ्यांच्या कुंड्यांचे स्टँड, खिडक्यांच्या जाळ्या, कुणाच्या तरी सायकलचं कॅरिअर, असं काही ना काही चालू असायचं.

कामाचा एक खाकी शर्ट होता. त्याचा डावा खिसा माझा. त्याचं काळीज माझ्या पाठीला लागून चालायचं आणि मला ते पाठ होतं. मधूनच ते एखादा ठोका गाळायचं. हे सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं. पण मला कोण विचारतो!

श्रावणात तो दुकानात चक्कर येऊन पडला. दवाखान्यातून परत आला तो डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा थोडी लहान अशी एक डबी घेऊन. ठोका गळला की ती काळजाला टिचकी मारते म्हणे. घरात सगळे तिला 'सेल' म्हणू लागले. "सेल दुखतोय का?" "सेलवर झोपू नका." आणि खिशातलं वजन जखमेला टोचतं म्हणून मला काढून वेल्डिंग मशीनच्या अंगावर चिकटवून दिलं.

माझ्या जागेवर, मी ऐकत आलो त्या काळजाशी, आता ती बसली होती. मशीनच्या थंड पत्र्यावर उलटा लटकून मी ठरवलं, एकदाच जवळ जायला मिळू दे.

दुसरा वैरी परेश. धर्मराजच्या बायकोचा, किशोरीचा, धाकटा भाऊ. द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर. शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताई, हे सगळं भंगारात काढ. मशीन आधी काढ."

"कुठलं मशीन?" धर्मराज म्हणाला. "छातीतलं काढू का? नवीन आहे, भाव चांगला येईल."

"दाजी, मी सिरियसली बोलतोय!"

"सेलवरून थट्टा नको हं," किशोरीने दोघांनाही दटावलं.

परेशने मला खेचून काढलं. "हे तरी मी नेतो, कुणालातरी देईन," असं म्हणत त्याने मला पँटच्या खिशात टाकलं, पाकिटाला लागून. त्या पाकिटात त्याचं गोदामाच्या गेटचं कार्ड होतं. त्यावरची काळी पट्टी मी रात्रभर चाटून साफ केली. दुसऱ्या दिवशी गेट उघडेना. वॉचमन नवा, तो ओळख दाखवेना. साहेब उन्हात उभे. संध्याकाळी परेशने मला परत आणून वेल्डिंग मशीनवर आदळलं. "हे घ्या तुमचं भूत!"

एकाचा हिशेब पुरा झाला.

आता धर्मराजचं काय अडलं होतं ते सांगतो. आपटा गावी त्याची आई, गंगाबाई. तिच्यासाठी तो लोखंडी झोपाळा करत होता. खांब झाले होते, वरचा आडवा पाइप आणि बसायचा पाळणा राहिला होता. आईने फोनवर सांगितलं, "झोपाळा नाय झाला तरी चालंल. तू हाय ना, बास." पण हा ऐकेना. किशोरीला म्हणाला, "नुसतं खुर्चीत बसवून ठेवायचं होतं तर मला वाचवलं कशाला?" ती रडली. मग दोघं दवाखान्यात गेली.

सेल तपासणारी मुलगी अंकिता. तिने एकेक हत्यार विचारून घेतलं, डॉक्टरांशी बोलली. हातोडा, कानस, करवत चालेल. ग्राइंडर हात लांब ठेवून, छातीशी कधीच नाही. वेल्डिंग डॉक्टरांनी त्याच्यापुरतं बंद केलं. ते दुसऱ्याने करायचं आणि मशीन चालू असेल तेव्हा याने शेडबाहेर थांबायचं. चक्कर आली, धडधडलं, तर हातातलं ठेवून तिथून लांब जायचं. दोन दिवस तो शेडकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आपट्याच्या बुधाजी वेल्डरला फोन केला. "तू वेल्डिंगचे टाके मार, बाकी मी करतो."

माझ्याबद्दल मात्र विचारायचंच राहिलं होतं. मी त्याला कधी हत्यार वाटलोच नव्हतो. आठवण झाल्यावर त्याने अंकिताला मेसेज केला. तिचा उलट फोन किशोरीला आला, तेव्हा तो दुकानात होता. शेड झाडता झाडता किशोरीने स्पीकर लावला.

"काकू, काकांनी चुंबकाचं विचारलं होतं ना? ते मशीनपासून लांब ठेवायचं. चिकटू तर अजिबात द्यायचं नाही."

"अगंबाई! ते तर चिकटलेलंच आहे की!"

"काय? काकू, आधी काढा ते!"

"काढते, काढते," म्हणत तिने फोन ठेवला.

दवाखान्यात मशीन म्हणजे छातीतली डबी. या घरात मशीन म्हणजे वेल्डिंगचं. छातीत होता तो सेल. किशोरीने दोन्ही हातांनी ओढून मला वेल्डिंग मशीनवरून सोडवलं. आता ठेवायचं कुठे? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझी जुनी जागा तिला आठवली. खुंटीवरच्या खाकी शर्टाचा डावा खिसा. मला आत टाकून तिने वर बटणही लावलं.

मी वाट पाहिली.

संध्याकाळी त्याने शर्ट चढवला. खिसा जड लागला असेल, पण ते वजन त्याच्या सवयीचं होतं. माप घ्यायला त्याने आडवा पाइप उचलून छातीशी धरला. लोखंड दिसल्यावर मी कापडासकट पाइपाला चिकटलो, आणि त्याने पाइप वर सरकवला तसा त्याच्याबरोबर वर गेलो. थेट त्या डबीसमोर. मध्ये फक्त कापड आणि कातडी.

मी ओढलं. डबी काळजाचं ऐकायची थांबली. तिचं तिचंच ठोकत सुटली, एकसारखं, भराभर. काळीज एक म्हणत होतं, ती दुसरंच. ती बंद पडेल असं मला वाटलं होतं. ती पडली नाही. पण बहिरी झाली, तेवढंही मला पुरलं.

धर्मराजचा चेहरा पांढरा पडला. सांगितलं होतं तसं त्याने पाइप खाली ठेवला आणि शेडपासून लांब, अंगणाच्या टोकाला जाऊन आडवा झाला. आडवा झाल्यावर खिसा घसरला आणि मी पुन्हा तिच्यावर येऊन टेकलो. तो नियम पाळत होता आणि मी त्याच्यासोबत होतो.

"किशोरी! लांब आलो तरी थांबत नाहीये!"

ती धावत आली, छाती चोळायला हात पुढे केला. तिच्या बांगडीत नेहमी चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. त्या चारही पिना ताठ उभ्या राहिल्या आणि खिशाला चिकटल्या. तिने बटण तोडून मला काढलं आणि अंगणापार भिरकावलं.

थोड्या वेळाने त्याच्या गालांवर रंग आला.

"अहो, मी तर हे मशीनपासून लांब ठेवलं होतं!"

"कुठल्या मशीनपासून?"

किशोरीने शेडमधल्या वेल्डिंग मशीनकडे बोट दाखवलं. मग तिची नजर त्याच्या छातीवर गेली आणि तिने कपाळावर हात मारला.

लगेच दवाखाना झाला. तिथे अंकिताने कपाटातून माझ्याच जातीचं एक गोल चुंबक काढलं आणि डबी ठरलेल्या वेगाने ठोकते का ते बघायला स्वतःच्या हाताने त्याच्या छातीवर ठेवलं. हे धर्मराज पुढे बुधाजीला हसत हसत सांगत होता, तेव्हा मी ऐकलं. त्या गोल्यालाही मी विसरणार नाही.

तुमच्या घरात कुणाच्या छातीत अशी डबी असेल तर त्याने शर्ट घालण्याआधी खिसे चाचपून बघा. हे मी मायेने सांगत नाही. दारांच्या कड्यांत, पर्सच्या झाकणांत, फोनच्या कव्हरांत माझे भाऊबंद बसलेत, आणि त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे.

डबीत बिघाड निघाला नाही. झोपाळा २ नोव्हेंबरला आपट्याला बसला. कापणं, वाकवणं, घासणं धर्मराजचं, वेल्डिंग बुधाजीचं. मला बुधाजीला देऊन टाकलं, मी आता त्याच्या वर्कशॉपात आहे. खाकी शर्टाचा डावा खिसा किशोरीने उसवून काढला.