डाव्या ब्रेकवरचं तेल

डावा ब्रेक घासलेटाच्या पिचकाऱ्यांनी चौथ्यांदा धुऊन झाला होता आणि चौथ्यांदा तेलकट निघाला होता.

साखरखेर्ड्याच्या शिवारातली हराळी मुळासकट उपटायला नागपूरच्या सरकारनं हा साखळ्यांवर चालणारा ट्रॅक्टर पाठवला, तेव्हा दुसरी मोठी लढाई संपून चार वर्षं झाली होती. यंत्रही लढाईतून उरलेलं, जुनं. चालवायचे आमचे हे, दुरुस्तीला मेहकरचे बद्रुद्दीन मिस्त्री. आठ महिन्यांच्या बेबीला घेऊन मीही आले होते. हे म्हणाले होते, तू अमरावतीलाच राहा. पण तिथं बसून मी दिवसभर काय काय मनात आणलं असतं ते मला माहीत होतं. इथं निदान डोळ्यांना दिसत होतं. गोजरबाईंनी त्यांची ओसरी आम्हाला दिली होती, आणि ट्रॅक्टर त्यांच्याच खळ्यात उभा असे.

या ट्रॅक्टरला वळवायला चाक नसतं. डावीकडे जायचं तर डावा दांडा ओढायचा आणि डावा ब्रेक दाबायचा. तिकडची साखळी थांबते, दुसरी चालत राहते, आणि एवढं धूड जागच्या जागी फिरतं. ब्रेकच्या पट्ट्यावर तेल आलं की पट्टा घसरतो, साखळी थांबत नाही आणि धूड सरळ पुढं जातं. नांगरायचा एकच तुकडा राहिला होता. त्याच्या टोकाला दोन पुरुष खोल नाला, उजव्या हाताला विहीर. वळायचं ते डावीकडेच.

"सील गेलं," मिस्त्री ट्रॅक्टरखालून म्हणाले. ब्रेकच्या तळाचा डाट, म्हणजे बूच, काढून त्यांनी काळं, जाड तेल बशीत धरलं होतं. "गिअरच्या पेटीतलं तेल झिरपून ब्रेकवर येऊन राह्यलं. मांगचा सारा भाग खोला लागते. अकोल्याले न्या लागते."

"म्हणजे महिना गेला," हे म्हणाले. "तेवढा तुकडा उरकू आणि मग नेऊ. मी जरा आधीच वळायला लागेन."

"आणि ट्रॅक्टर नाही वळला तर?" मी विचारलं.

"तर उडी मारीन. तू बघू नकोस म्हणजे झालं."

मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही.

गिअरच्या पेटीत तेल किती आहे ते बघायची एक लोखंडी काडी असते. ती मी रोज सकाळी काढून बघत होते. ह्यांना वाटे, हिला काही उद्योग नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, पेटीतून रोज बशीभर तेल जातंय, मग काडीवर तेलाची खूण जिथल्या तिथं कशी?"

"भाभी, तुम्ही कॉलेज शिकेल हा. पन सील अंदरून फाटते, ते कॉलेजात नाही दिसत."

"सील दिसत नाही. काडी दिसते ना?"

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

मी बेबीच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या आणल्या. दोन्हींत निम्मं निम्मं घासलेट ओतलं. एकीत काडीवरचं तेल सोडलं, दुसरीत बशीतलं, आणि दोन्ही खळखळून हलवल्या. पहिली एकसारखी तपकिरी झाली. दुसरीत मात्र काळा लगदा खाली बसत गेला आणि वर घासलेट वेगळं राहिलं. पुन्हा हलवली, पुन्हा तेच.

"हे गिअरचं तेल नाही," मी म्हटलं. घासलेटात न मिसळणारं असं जाड तेल मला घरात एकच ठाऊक होतं. बोट बुडवून वास घेतला. जळका होता, तरी ओळखू आला. ह्याच वासाचं तेल रोज बेबीच्या पोटावर मी चोळत होते.

गोजरबाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "मावशी, यंत्राला एरंडेल कोणी घातलं?"

"म्या," त्या म्हणाल्या. "काऊन, कमी पडलं?"

मिस्त्री रांगत बाहेर आले.

"डाव्या अंगानं कसं किंचाळते ते! गाडीचा आस बोंबलला त ओंगन घालतेत का नाही? हे दोघं बाप्पे, कानात बोळे घालेल! त्या मांगच्या भोकातून वाटीभर टाकतो झालं, रोज पहाटं."

"मावशी, अल्लाच्या वास्ते!" मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "ब्रेक कोरडा असला त वाजतेच. वाजलाच पाह्यजे."

"वाजलाच पाह्यजे? असं कोनतं वाहन असते बे?"

हे रागानं म्हणाले, "आता त्या तेलानं नाल्यात..." मी त्यांच्याकडे बघितलं. पण गोजरबाईंनी ऐकायचं ते ऐकलं होतं. सूप थांबलं.

"म्हंजे म्या तुह्या मालकाले..."

"तुम्ही नाही," मी घाईनं म्हटलं. "ब्रेकवरचं भोक उघडं कोणी ठेवलं? मिस्त्री, झाकण कुठाय?"

"बोल्ट हारपले, भाभी," मिस्त्री खाली बघून म्हणाले. "जाल्न्याहून आनीन म्हनत होतो."

घासलेटाच्या पिचकाऱ्यांनी एरंडेल जाणारच नव्हतं. गोजरबाईंनी स्वतः चूल पेटवली. धुण्याचा सोडा घालून कढत पाणी आम्ही भोकातून ओतलं आणि डाटातून काढलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग पट्टा तापून वाळावा म्हणून ह्यांनी ब्रेक हलका दाबून यंत्र खळ्यात फिरवलं. आधी वाफ आली, मग जळका धूर, मग काही नाही. मिस्त्रींनी डब्याचा पत्रा कापून भोकावर तारेनं आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी डाट काढला, तर बोट कोरडं निघालं.

त्या तुकड्याच्या बांधावर मी बेबीला घेऊन उभी राहिले. बघू नकोस म्हणून पुन्हा सांगायची ह्यांची हिंमत झाली नाही. ट्रॅक्टर नाल्याच्या दिशेनं निघाला. कडेपासून पंधरा हातांवर ह्यांनी दांडा ओढला. डावी साखळी थांबली, उजवी माती उधळत फिरली, आणि ह्यांची पाठ नाल्याकडे झाली. मी बेबीला इतकं घट्ट धरलं होतं की तिनं माझा कान ओढला. दुसऱ्या फेरीलाही तसंच झालं.

तिसऱ्या फेरीला बेबी भुकेनं रडायला लागली. सावली एका बाभळीचीच होती, आणि मिस्त्री पलीकडे उभे, म्हणून पाजायचं तर नाल्याकडे पाठ करूनच बसावं लागणार होतं. गोजरबाई म्हणाल्या, "बस पोरी. मी पाह्यतो."

मी बसले.