चौथी निळी वडी

मित्रांनो, मी एक जुना उंदरांचा पिंजरा आहे आणि सध्या मी भयंकर रागावलेलो आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की आवाज मऊ करतात, उसासे टाकतात. माझ्याकडून तसं काही होईल अशी आशा ठेवू नका. राग काढायला मला दुसरी जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

माझा जन्म नरडाण्याचा. तिथे हिलाल मिस्तरी बैलगाड्या दुरुस्त करायचे. गाडीच्या कामातून उरलेल्या बाभळीच्या फळ्या त्यांनी माझ्या अंगाला लावल्या. एका बाजूला तारेची जाळी, आत भाकरीचा तुकडा अडकवायचा आकडा आणि तोंडाशी खाडकन पडणारं दार. उंदराने तुकडा ओढला की दार पडतं, उंदीर जिवंत आत राहतो. मिस्तरींनी त्या दाराखाली स्वतःची करंगळी घालून पाहिली. थोडी चिमटली, तेव्हा त्यांनी कड पुन्हा तासली. "त्यानी शेपटी चेंगराले नको," असं ते कुणाला तरी म्हणाले. उंदराच्या शेपटीची काळजी करणाऱ्या माणसाने मला घडवलं, एवढं ध्यानात ठेवा.

मला विकत घेतलं धुळ्याच्या मांगीलाल शेठजींनी. त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि तिथेच देवपूर भागात घर. धान्य आलं तिथे उंदीर आलेच. पण घर जैनांचं, जीव मारायचा नाही. म्हणून शेठजी रोज सकाळी पूजेला जाण्याआधी मला हातात धरून पांझरा नदीच्या काठी जायचे आणि दार उचलून उंदीर झुडपात सोडायचे. लोक चेष्टा करत. "शेठजी, तुमच्याआधी उंदीर घरी पोचतो." शेठजी म्हणत, "पोचू द्या. पाय दुखले की येणं सोडेल." गल्लीतले लोक मला मागून न्यायचे. लग्नघरातल्या मोठ्या पातेल्यासारखा मी या घरातून त्या घरात फिरायचो. तेव्हा मला फार मान होता.

शेठजी गेले आणि मी कोठीच्या खोलीतल्या वरच्या फळीवर जाऊन बसलो. तिथून मला खालच्या गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या दिसतात. स्वयंपाकघर लगतच आहे आणि त्याच्या पलीकडे बैठक, त्यामुळे घरात कोण काय बोलतं ते सगळं ऐकू येतं, आणि भिंतीतल्या झरोक्यातून दिसतंही. आता घराचा कारभार शेठजींचा मुलगा हितेंद्र पाहतो. त्याची आई कुसुमलता, त्यांना घरात सगळे बाईजी म्हणतात. त्याची बायको विधी शाळेत शिकवते, आणि मुलगी पलक अकरा वर्षांची आहे.

मागच्या वर्षी उंदरांनी हितेंद्रच्या नव्या गाडीच्या वायरी कुरतडल्या. तो कोठीच्या खोलीत आला आणि त्याने वर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आला माझा दिवस. तो म्हणाला, "हे खोकं कोण घेऊन फिरणार नदीवर," आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाईजी जरा आडव्या झाल्या होत्या तेव्हा, त्याने सदऱ्याखालून एक पुडकं काढलं. त्यात विषाच्या चार निळ्या वड्या होत्या. त्या त्याने माझ्याच डोळ्यांदेखत कोठ्यांच्या आडोशाला ठेवल्या.

चोरून का, तर बाईजींच्या धाकाने. बाईजी पाणी गाळून पितात, मुंग्यांना साखर घालतात. एकदा हितेंद्रने गव्हात कसलीशी पावडर टाकली आणि किडे मेले. बाईजी त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी सरळ तीन दिवसांचा उपवास धरला. मुलाचं पाप आपल्या पोटावर घेतलं. तेव्हापासून हितेंद्र खरं बोलत नाही, लपवतो. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तो हाच.

मग घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं. घरी धुणीभांडी करणाऱ्या कमलबाईंच्या माहेरी, शिंदखेड्याकडे, त्यांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. पलकने महिनाभर हट्ट केला. बाईजी म्हणाल्या, "आणा. पण ते लहान बाळ आहे असं समजून आणा. आधी घर त्याच्या लायकीचं करा."

पलकने ते मनावर घेतलं. तिने मोबाइलवर वाचून वहीत लांबलचक यादी केली. आणि एक गोष्ट तिने अशी केली की मला तिचा अभिमान वाटला. ती घरभर रांगली. "पिल्लू जेवढं उंच, तेवढ्या उंचीवरून बघायला पाहिजे," असं म्हणत ती गुडघ्यांवर साऱ्या खोल्या फिरली. सोफ्याखाली तिला टाचण्या सापडल्या, पलंगाखाली आजोबांच्या गोळ्यांचं जुनं पाकीट सापडलं. फिनेलची बाटली वर गेली, चपला दाराबाहेरच्या उंच मांडणीवर गेल्या. फ्रिजच्या आणि टीव्हीच्या वायरी तिने पाइपचे तुकडे चिरून त्यात बसवल्या. जिन्याला आडवी फळी लागली.

काय खायला द्यायचं नाही तेही ती वाचून दाखवत होती. "चॉकलेट नाही, द्राक्षं नाहीत, मनुका नाहीत. कांदा नाही, लसूणही नाही."

"कांदा-लसूण नाही?" बाईजी हसल्या. "मग पिल्लू आपल्यातलंच आहे."

सगळे हसले. हितेंद्रही हसला. आणि मग पलक रांगत रांगत कोठीच्या खोलीच्या उंबऱ्याशी आली.

"इथे नको," हितेंद्र घाईने म्हणाला. "इथलं दार बंदच असतं."

"पप्पा, यादीत लिहिलंय, बंद खोल्यापण बघा."

"सांगितलं ना. धूळ आहे, शिंका येतील. इथलं मी बघतो."

पलक उठली. वडिलांनी बघतो म्हटल्यावर कोणती मुलगी संशय घेईल? तिने वहीत त्या खोलीपुढे बरोबरची खूण केली. मित्रांनो, ती खूण मला वरून दिसली आणि माझ्या खिळ्याखिळ्याला चीड आली.

त्याने बघितलं, हे खरं. दुपारी येऊन त्याने तीन वड्या उचलल्या. चौथी मिळेना. ती एका उंदराने ओढत सर्वांत मागच्या कोठीखाली नेली होती. ती काढायची तर वर्षाच्या गव्हाने भरलेली कोठी सरकवायला हवी. कोठी सरकली की आवाज होणार, बाईजी येणार, काय शोधतोस म्हणून विचारणार. हितेंद्र कोठीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला. मग हात झटकले आणि दार ओढून घेतलं.

मला ओरडायचं होतं. निदान माझं दार तरी पडावं, आवाज व्हावा, असं वाटत होतं. पण माझी तार गंजून गेली आहे आणि ते दार गेली सहा वर्षं जागचं हललेलं नाही.

पिल्लू आलं. कमलबाईंनी ते पदरात गुंडाळून एसटीने आणलं. बाजरीच्या पिठाच्या रंगाची छोटी कुत्री, म्हणून पलकने तिचं नाव बाजरी ठेवलं. कमलबाईंनी तिला बाईजींच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "अक्का, बठ्ठास्मा हाई गरीब शे. तुमना भरोसावर आनी." सगळ्या पिल्लांत हे गरीब आहे, तुमच्या भरवशावर आणलंय, असं त्यांचं म्हणणं. बाईजींनी बाजरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

चार दिवस घरात नुसता आनंद होता. पाचव्या दिवशी विधी दळणासाठी गहू काढायला कोठीच्या खोलीत आली. दार उघडं राहिलं. बाजरी तिच्या पायांमधून आत शिरली, हुंगत हुंगत मागच्या कोठीपाशी गेली आणि तिने अर्धं अंग खाली घातलं. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाशी निळा चुरा होता. गव्हाच्या धुळीत तो विधीला दिसला नाही. "चल गं, इथे काही नाही तुझं," असं म्हणत तिने बाजरीला उचलून नेलं.

त्याच संध्याकाळी हितेंद्रच्या कानावर ही गोष्ट आली. विधीने सहज सांगितली. तो लगेच मोबाइलचा उजेड घेऊन आत आला, पालथा पडून कोठीखाली पाहिलं. वडी नव्हती. थोडा चुरा होता. मला त्याचा चेहरा दिसत होता. तो स्वतःशीच पुटपुटला, "उंदरांनीच खाल्ली असणार." त्याने फडक्याने चुरा पुसला आणि हात साबणाने दोनदा धुतले. बाजरी तेव्हा अंगणात चेंडूमागे धावत होती. हे विष तीनतीन दिवस काही दाखवत नाही, म्हणून त्याला स्वतःला फसवायला चांगली सवड मिळाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाजरी उठेना. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि पोटावर निळसर डाग पडले होते. जनावरांच्या डॉक्टर रत्नाताई घरी आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात उंदराचं औषध ठेवलंय का?"

बाईजी ताठ बसल्या. "डॉक्टर, आमच्या घरात मुंगी मारत नाहीत. असलं काही या उंबऱ्याच्या आत येणारच नाही."

"सगळ्यांनी नीट आठवा."

"मी रांगून सगळं घर बघितलंय," पलक म्हणाली.

हितेंद्र तिथेच उभा होता. तो गप्प राहिला. मित्रांनो, त्याचं ते गप्प राहणं मी जन्मात विसरणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण या मुठीत एका पिल्लाचा जीव होता.

रत्नाताईंना वाटलं, गोचीड ताप असेल. त्यातही असंच रक्त येतं. त्यांनी त्यावरचं औषध दिलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत झाली. एक अख्खा दिवस तसाच वाया गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाताई पुन्हा आल्या तेव्हा बाजरीला मानही उचलता येत नव्हती. पलक वही घेऊन बसली होती. ती एकेक ओळ वाचत होती आणि रडत होती. "दादी, माझंच काहीतरी राहिलं. मी नीट बघितलं नाही. ती माझ्यामुळे मरतेय."

त्या एका वाक्याने हितेंद्रचं तोंड उघडलं. बाजरीच्या रक्ताने उघडलं नव्हतं, डॉक्टरांच्या प्रश्नाने उघडलं नव्हतं.

"तुझं काही राहिलं नाही," तो म्हणाला. "डॉक्टर, विष होतं. निळी वडी. मी ठेवली होती. तिने खाल्ली असणार, पाच दिवसांपूर्वी."

रत्नाताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मग काल मी विचारलं तेव्हा?"

त्याने बाईजींकडे एकदा पाहिलं, एवढंच. रत्नाताईंनी लगेच पिशवीतून दुसरं इंजेक्शन काढलं. रक्त गोठवायला मदत करणारं साधं औषध होतं ते, काल सकाळीही त्याच पिशवीत होतं.

बाईजी बाजरीजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "मी उपवास करीन म्हणून घाबरलास?"

"हो, बाईजी."

"मी आयुष्यभर उपवास केले, आणि माझ्या घरात खरं बोलायला माणूस घाबरतो." त्यांनी बाजरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग ते उपवास कसले?"

इतक्यात कमलबाई कामाला आल्या. कोणी सांगायची गरजच पडली नाही, त्यांनी बाजरीकडे पाहिलं आणि हितेंद्रकडे पाहिलं. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. कमलबाई म्हणाल्या, "भाऊ, एक शब्द बोलतात ना. मीच सरकाडी देती ती कोठी." एक शब्द बोलला असतात तर मीच सरकवून दिली असती, एवढंच त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या. त्या दिवशी भांड्यांचा आवाज घरभर ऐकू येत होता.

बाजरी वाचली. तीन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग हळूहळू दूधभात चाटू लागली. आणि ती वाचली म्हणताच घरातले सगळे हुश्श करून मोकळे झाले. पाहुण्यांना सांगू लागले, देवाची कृपा, थोडक्यात निभावलं. शब्द कसे बघा. देवाने वडी ठेवली नव्हती आणि देवाने फडक्याने चुराही पुसला नव्हता.

मुलांनो, तुमच्या घरी पिल्लू येणार असेल तर वायरी झाका, चपला उचला, औषधं वर ठेवा. यादी करा, रांगा, बंद खोलीतही शिरा आणि मोठ्यांनी अडवलं तर जास्तच शिरा. लोक घराला पिल्लापासून वाचवायला धावतात, सोफ्याला कापड घालतात. पिल्लाला घरापासून वाचवायचं असतं. आणि घरात ज्याने काही लपवलं असेल त्याला आधीच सांगा, की बाबा, आम्ही रागावू, पण तू बोल. माणसाच्या रागाने कुणी मरत नाही.

बाजरीला अजून तीन आठवडे रोज गोळी द्यायची आहे. पलकने ठरवून टाकलं आहे की ती गोळी पप्पांशिवाय दुसऱ्या कुणी द्यायची नाही. रोज सकाळी ती गुळाच्या खड्यात गोळी खुपसते, वडिलांच्या तळहातावर ठेवते आणि म्हणते, "पप्पा, तुम्ही."

हितेंद्र खाली बसतो. बाजरी धावत येते. ती त्या हाताला एकदाही हुंगून पाहत नाही. गोळी गिळते आणि मग तोच हात मनगटापर्यंत चाटत राहते, शेपटी हलवत. हितेंद्र तोंड फिरवतो, डोळे पुसतो, पण हात मागे घेत नाही.

बाजरीने त्याला केव्हाच माफ केलं आहे. ती कुत्री आहे, तिला ते जमतं. मी बाभळीचा आहे, मला वेळ लागेल.