कापडाखालचा प्रश्न

लिलावघराच्या दालनात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी इथे जुनी कपाटं, भिंतीवरची घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांच्या खुर्च्या विकल्या जायच्या. आज मधल्या मेजावर दंतवैद्याचा संगणक होता आणि त्याच्या पडद्यावर काळं कापड पसरलं होतं.

"डोळे मिटा," सिस्टीमबाबा म्हणाला.

सगळ्यांनी मिटले. दंतवैद्याने तर दाढ काढून घेताना मिटावेत तसे गच्च मिटले.

"ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा देह. तुमच्या फायली, तुमचे प्रोग्रॅम म्हणजे त्याचा प्राण. देह म्हातारा झाला की बदलावा लागतो. पण बदलताना प्राण उडून जातो, बाबांनो. त्याला धरून ठेवणारा हात लागतो. माझी घंटी वाजेपर्यंत कुणी डोळे उघडू नका. उघडलेल्या डोळ्यांतून प्राण निसटतो."

एवढं बोलून त्याने यंत्रात आपली चांदीची कांडी खुपसली. कांडी म्हणजे चांदीचा कागद गुंडाळलेला पेन ड्राइव्ह. मग त्याने कापडाखाली डोकं घातलं. थोड्या वेळाने घंटी वाजली. पुढचा तासभर कापड तसंच राहिलं आणि बाबाचं प्रवचन चालू राहिलं. अखेर कापड उचललं, तर पडद्यावर नवीकोरी सिस्टीम, आणि आत दंतवैद्याच्या रुग्णांचे सगळे एक्स-रे जसेच्या तसे. एक फोटो हललेला नाही, एक प्रोग्रॅम गेलेला नाही.

"धरले हो, बाबांनी प्राण धरले," मागून कुणीतरी म्हणालं. दंतवैद्याने डोळे पुसले.

शेवटच्या रांगेत बसलेल्या ताईंनी मात्र डोळे मिटले नव्हते. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. बोलणं इतकं हळू, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. रोज पहाटे त्यांची प्रार्थना असे, आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही त्या तोंडात घेत नसत. डोळे मिटणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते देवासमोर मिटायचे. दुकान मांडून बसलेल्या माणसासमोर ते उघडेच ठेवायचे.

बाबाचा धंदा फोफावला, त्याला कारण होतं. जुन्या सिस्टीमला यापुढे संरक्षण मिळणार नाही, असा निरोप गल्लीतल्या प्रत्येकाच्या पडद्यावर झळकत होता. माणसं घाबरली होती. घाबरलेल्या माणसाला शहाणपण सांगणारा नको असतो, धीर देणारा हवा असतो. आणि बाबाकडे धीर भरपूर होता. दर महिन्याला यंत्र आणून 'प्राणरक्षा' करून घ्यायची, एवढीच त्याची अट.

पुढची पाळी ताईंच्या भावाची होती. हे लिलावघर त्याचंच. या दालनात त्याचा आवाज घुमायचा तेव्हा मोडकी खुर्चीसुद्धा सिंहासन वाटायची. मग घशात गाठ निघाली. आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी वाचाउपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला रोज समोर बसवून शेकडो वाक्यं बोलायला लावली, ती त्याच्याच संगणकात साठवली आणि एक प्रोग्रॅम बसवून दिला. आता तो टंकायचा आणि संगणक त्याच्याच आवाजात बोलायचा. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा तो आवाज घरात उमटला, तेव्हा भावजय स्वयंपाकघरातून हातातलं भांडं तसंच घेऊन धावत आली होती. त्या आवाजाला आता दुसरं उगमस्थान उरलं नव्हतं. होतं ते त्या एका यंत्रात.

म्हणूनच ताईंना राहवलं नाही. मेजाजवळ जाऊन त्या म्हणाल्या, "एक विचारू का? कापडाखाली नेमकं काय होतं?"

बाबा हसला. "आपण कोण, बाई?"

"लिलाववाल्याची बहीण."

"बाई, दुधाचं दही होतं तेव्हा भांड्यात बोट घालून बघता का?"

लोक हसले. ताई शांतपणे म्हणाल्या, "नाही. पण भांडं माझं असलं तर झाकण उघडून बघते."

या वेळी कुणी हसलं नाही. बाबाचा चेहरा क्षणभर कोरडा पडला. "शंका हा विषाणूच आहे," तो म्हणाला आणि कापडाखाली शिरला.

तासाभराने कापड उठलं. नवी सिस्टीम होती. बाकी काही नव्हतं. बोलणारा प्रोग्रॅम नाही, वाक्यं नाहीत, इतक्या वर्षांच्या लिलावांचे फोटो नाहीत. धुतलेल्या पाटीसारखा पडदा.

"निसटला," बाबा हळहळून म्हणाला. "धरला होता मी. पण या बाईंच्या शंकेने हात सैल झाला." सगळं दालन ताईंकडे वळलं. "अजून एक वाट आहे. यंत्र या कापडात गुंडाळून घरी न्या. चालू ठेवा, पण पंधरा दिवस कुणी हात लावू नका. श्रद्धा असेल तर प्राण परत येईल. नसेल, तर मला बोल लावू नका."

चोराच्या उलट्या बोंबा असतात, पण इतक्या सोज्वळ आवाजात त्या क्वचितच ऐकायला मिळतात.

घरापर्यंत भावजय सगळ्यांच्या पुढे चालत राहिली. उंबऱ्यात मात्र थांबली. "वन्सं, मी तुम्हाला आजवर उलटून बोलले नाही. पण आज बोलते. यांचा आवाज एकदा आजाराने नेला आणि दुसऱ्यांदा तुम्ही."

"वहिनी, माझ्याकडे प्रत आहे त्याची," ताई म्हणाल्या. "मागच्याच महिन्यात पेन ड्राइव्हवर घेतली मी."

ताईंनी स्वतःच्या संगणकात पेन ड्राइव्ह लावला. त्यात एक चित्र होतं. भावाच्या पडद्यावर असायचं तेच, कोपऱ्यात लहानसा बाण असलेलं. ताईंनी ते उघडलं. काहीच उघडलं नाही. पुन्हा उघडलं. त्या चित्रामागे काही नव्हतं. तो नुसता रस्ता दाखवणारा बाण होता. घर जिथे होतं तिथेच राहिलं होतं आणि ताई दारावरची पाटी तेवढी उचलून घेऊन आल्या होत्या. आयुष्यभर मुलांना 'उत्तर ताडून बघा' म्हणणाऱ्या ताईंनी ती प्रत एकदाही उघडून बघितली नव्हती.

भावाने वहीवर लिहिलं, 'एक वार, दोन वार, गेला.' आणि हसायचा प्रयत्न केला. त्या हसण्याकडे दोघींनाही बघवेना.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाई भावाच्या गळ्याचे व्यायाम घ्यायला आल्या. कोपऱ्यात कापडात गुंडाळलेलं, आतून गुणगुणणारं यंत्र त्यांनी बघितलं आणि ताईंकडून सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या दवाखान्यात आठ यंत्रांची सिस्टीम मीच बदलली," त्या म्हणाल्या. "मला कुणी बाबा लागला नाही. सिस्टीम बदलायला घेतली की यंत्र स्वतःच विचारतं, काय ठेवायचं? फायली आणि प्रोग्रॅम, फक्त फायली, की काहीच नाही? पहिलं निवडलं की सगळं राहतं. तिसरं निवडलं की..." त्यांनी यंत्राकडे बघितलं. "हे."

"म्हणजे दंतवैद्याच्या वेळी पहिलं निवडलं आणि आमच्या वेळी तिसरं?"

"तसंच दिसतंय. पण ताई, यंत्र बिचारं माणसापेक्षा सावध असतं. काहीच नको म्हटलं तरी जुनं सामान लगेच फेकत नाही. एका जुन्या फोल्डरमध्ये बांधून ठेवतं. दहा दिवस. मग आपोआप पुसून टाकतं."

"दहा," ताई म्हणाल्या. "आणि त्याने पंधरा दिवस हात लावू नका म्हणून सांगितलं."

"चालू ठेवायलाही सांगितलं ना? बंद यंत्र स्वतःहून काही पुसत नाही."

ताई रागावल्या की आणखी हळू बोलत. आता तर त्यांचं बोलणं ऐकू येईना. "वहिनी, ऐकलंस ना? सोड ते कापड."

भावजय यंत्रासमोर उभी राहिली. "परवा मेळावा आहे. बाबांना विचारू आणि मग सोडू. आणि त्यांचं खरं निघालं तर? तुमच्या एका शंकेने एवढं झालं. आता हात लावला आणि उरलंसुरलं गेलं, तर मी कुणाकडे बघू?"

ताईंनी भावाकडे बघितलं. त्याने पेन्सिल उचलून लिहिलं, 'तिला पटू दे. आवाज माझा असला तरी तो ऐकायचा तिला आहे. परवापर्यंत थांब.'

ताई थांबल्या. त्या दोन्ही पहाटे प्रार्थनेत त्यांनी देवाकडे काही मागितलं नाही. यंत्रात आहे ते यंत्र सांभाळेल, आपण आपलं काम करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना मेळाव्याला यायला सांगून त्या कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेल्या.

लिलावघराची एक रीत होती. मेजावर ठेवलेली वस्तू मागच्यांना दिसावी म्हणून भिंतीवर मोठा पडदा होता, आणि मेजावरच्या यंत्राला त्याची तार जोडलेली असे. बाबाच्या मेळाव्यांत तो पडदा बंदच राहायचा. मेळाव्याच्या दिवशी फोटोवाल्याने आपलं यंत्र मेजावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, दर महिन्याला कशाला यायचं? एकदा धरलेला प्राण पुन्हा का सुटतो?"

बाबाचा चेहरा तसाच कोरडा पडला. "शंका," तो म्हणाला. "पुन्हा शंका. डोळे मिटा सगळे."

सगळ्यांनी मिटले. बाबा कापडाखाली गेला. फोटोवाल्याने भिंतीवरच्या पडद्याची तार आपल्या यंत्रात मागून खोचली. ताईंनी पडदा चालू केला. आणि भावाने लिलावाचा हातोडा उचलून मेजावर हाणला.

त्या दालनात हातोडा पडला की माना वर व्हायच्याच. वर्षानुवर्षांची सवय. सगळ्यांचे डोळे उघडले आणि समोरच्या भिंतीवर गेले.

"डोळे उघडू नका," कापडाखालून आवाज आला. "मी प्राण धरतोय."

भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काय ठेवायचं?' खाली तीन ओळी. माउसचा बाण पहिल्या ओळीवर होता. तो सावकाश खाली सरकला.

"धरला," कापडाखालचा आवाज म्हणाला. "घट्ट धरलाय. पण शंका फार जड आहे हो."

बाण तिसऱ्या ओळीवर थांबला. 'काहीच नाही.' तिच्यापुढे ठिपका उमटला.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी कापड उचललं. खाली बाबा मेजावर वाकून उभा होता, एका हातात माउस, दुसऱ्या हातात घंटी. आधी त्याला लोकांचे उघडे डोळे दिसले, मग लोक बघत होते ती भिंत.

"वाचा," ताई म्हणाल्या. शाळेतल्यासारखं, पण हळूच. "मोठ्याने वाचा तुम्हीच."

तो वाचेना. दंतवैद्यानेच वाचलं आणि मग पडेल आवाजात विचारलं, "म्हणजे माझे एक्स-रे कुणी राखले?"

"यंत्राने," ताई म्हणाल्या. "तुमच्याच यंत्राने, आपल्याच पोटात राखले. हा आयत्या बिळावरचा नागोबा."

डॉक्टरीणबाईंनी बाण पुन्हा पहिल्या ओळीवर नेला आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "आता तुम्हीच दाबा. माझा हात नको, कुणाचाच नको." त्याने दाबलं. "गेलं तरी माझ्याकडे प्रती आहेत, एकेक उघडून बघितल्यात," तो ताईंकडे बघून म्हणाला. ताईंनी मान खाली घातली. तासभर सगळे भिंतीकडे टक लावून बसले. शेवटी नवी सिस्टीम आली आणि तिच्यात लग्नांचे, बारशांचे, म्हाताऱ्यांचे सगळे फोटो. इतक्या उघड्या डोळ्यांतून एकही निसटला नाही.

"पण बाबा बोलायचे तेव्हा बरं वाटायचं," दंतवैद्य पुटपुटला.

"दात उपटायच्या आधी तुम्ही सुई टोचता, तेव्हाही बरंच वाटतं," फोटोवाला म्हणाला. "पण चांगला दात उपटत नाही ना तुम्ही?"

बाबा दारातून निघाला तेव्हा कुणी त्याला मारलं नाही. ताईंनी तसं बजावलंच होतं. पण वाटही कुणी सोडली नाही. प्रत्येकाला 'जरा सरका' म्हणत त्याला जावं लागलं.

भावजय तिथे नव्हती. भिंतीवरचा ठिपका उमटताच ती उठली होती. ताई भावाला आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन घरी पोचल्या तेव्हा कापड जमिनीवर पडलं होतं आणि ती यंत्रासमोर बसली होती, पण हात मांडीवरच. "वन्सं, कुठे बघायचं ते मला कळत नाही," ती म्हणाली. "उशीर तर नाही ना झाला?"

डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या. एक फोल्डर, त्यात दुसरं, त्यात तिसरं. मग वाक्यांची लांबच लांब रांग उलगडली. सगळी होती. डॉक्टरीणबाईंनी ती आधी बाहेर काढून सुरक्षित ठेवली, बोलणारा प्रोग्रॅम नव्याने बसवला आणि कळफलक भावापुढे सरकवला.

भावजय रडायला लागली. ताईही. भावाने दोघींकडे बघितलं आणि टंकलं. खोलीत त्याचा जुना, भरदार, लिलावातला आवाज घुमला.

"रडण्याचा लिलाव नंतर. आधी प्रत काढा."

ताईंच्या प्रार्थना आजही चुकत नाहीत. देवावर त्यांचा विश्वास आहे, आणि म्हणूनच देवाच्या नावाने कापड पसरणाऱ्याचा त्यांना राग येतो. त्यांचं म्हणणं एवढंच आहे: ज्याला तुमचे डोळे मिटलेले लागतात, त्याच्या हातात काय आहे ते आधी बघा. यंत्र तुम्हाला प्रश्न विचारत असेल, तर तो तुम्ही वाचा आणि उत्तरही तुम्हीच द्या. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला शेजारी बसवा, कापडाखाली नव्हे. आणि शंका आली तर विचारा. विचारल्याने आजवर कुणाचं काही गेलेलं नाही. गेलं असेल, तर ते नेणारा तिथेच उभा असतो.