कांचनाची ओटी

आश्विनाचे ऊन कृष्णाकाठी उतरते ते हळदीच्या पाण्यासारखे. अंगणावर, तुळशीवर, अनसूयाकाकूंच्या फाटकाशी उभ्या असलेल्या त्या जोडपानांच्या झाडावर हलकेच पसरते.

लेक रेवती जन्मली तेव्हा लावलेले ते झाड. आपटा म्हणून आणलेले, आपटा म्हणूनच वाढलेले. दर दसऱ्याला आळी हसत यायची, फांद्या वाकवायची, ओंजळी भरभरून सोने लुटून न्यायची. मागे उरायचे झाड, पर्णहीन, निःशब्द, आभाळाकडे बोटे करून. फुलले म्हणून कधी नाही. आळीने त्याला वांझ म्हटले. काकू नाम घेत रोज त्याला तांब्याभर पाणी घालीत, आणि ऐकून न ऐकल्यासारखे करीत.

यंदा रेवतीला दिवस गेलेले. डोहाळजेवणाला ती माहेरी यायची होती. तिच्या वेणीत तिच्याच झाडाचे एक फूल असावे, एवढेच काकूंच्या मनात. वेडी, हळवी, कुणापाशी न बोललेली इच्छा.

दसऱ्याच्या सकाळी त्या टेकडीवरच्या देवीहून परतल्या. हातात देवळाजवळच्या आपट्याची डहाळी. फाटकाशी सहज दोन्ही पाने शेजारी आली, आणि काकू थबकल्या.

देवीकडचे पान बुटके, रुंद, खरखरीत. दारचे पान मोठे, लांबट, मऊ. आणि त्या मऊ पानांआड, निमुळत्या, हिरव्या, मिटल्या ओठांच्या कळ्या. दरवर्षी सोन्याबरोबर ओरबाडून नेलेल्या कळ्या.

हा तर कांचन!

तोच शेजारचे बापू दिवेकर पिशवी घेऊन हजर. दारी आलेल्याला रिकाम्या हाती धाडायचे नाही, हा काकूंचा नेम. तरी त्या फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच.

“बापू, हा आपटा नाही हो. कांचन आहे. कळ्या धरल्यात त्यानं.”

“म्हणजे इतकी वर्षं आम्हाला खोटं सोनं दिलंत म्हणायचं, काकू.”

“दिलं ते मनापासून दिलं. आज दुसरं काहीही मागा. याला तेवढं फुलू द्या.”

बापूंनी वाकून कळी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पिशवीची घडी घातली.

“बरं, मग बेसनाचे लाडू द्या. तूप हात राखून घातलं नसेल तर.”

आळीने त्या वर्षी लाडू लुटले. डबा रिता झाला, नेम राहिला, फांदी राहिली.

कोजागरीचे चांदणे पिऊन कांचन उमलला. गुलाबी, जांभळा, पुन्हा गुलाबी. लांबसडक पाकळ्यांचा, मंद गंधाचा, पहाटेच्या आरतीसारखा उजळ. त्याच्याच सावलीत पाट मांडला. हिरव्या साडीत, जडावल्या पावलांनी रेवती येऊन बसली. वेणीसाठी फूल खुडायला काकूंनी हात उंचावला, आणि तसाच राहू दिला.

कारण वारा आला होता. अलगद, नदीवरून, ओला.

आणि न खुडता, न मागता, रेवतीच्या पसरल्या पदरात कांचन आपली ओटी भरीत होता, पाकळी पाकळी करून.