कळंबची हिरवी फियाट

पिंपळीत जुनी गाडी घ्यायला कोणी एकटं जात नाही. गाडीतलं कळणारा एक माणूस सोबत न्यायचा असतो. त्याला चहा पाजायचा, भजी खाऊ घालायची, पैसे मात्र द्यायचे नाहीत. आणि त्या माणसानं ती गाडी स्वतःसाठी मागायची नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोणी भापकरच्या एकानं मेव्हण्यासाठी बघितलेली जीप स्वतःच घेऊन टाकली, तेव्हा अल्लाबक्ष भर चौकात म्हणाले होते, "मुलगी बघायला नेलेल्या मामानंच मुंडावळ्या बांधल्या की!" त्यानंतर त्या माणसाला कोणी साधी स्कूटर बघायलाही नेलं नाही.

अल्लाबक्ष हे पिंपळीतले असे बघायला न्यायचे माणूस. बारामतीत त्यांचं सायकलचं दुकान आहे. वडिलांच्या उंच सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून ते सायकल शिकले, दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर गिअर शिकले, आणि पुढं ज्याला चाकं आहेत ते ते चालवत गेले. त्यांच्या अंगणात इतकी वाहनं उभी असतात की बिस्मिल्लाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, पापड वाळत घालायला शेजारी जावं लागतं.

युवराजचं रस्त्याकडेला मंगल कार्यालय आहे. पस्तिशीचा, हौशी माणूस. एका सकाळी तो आला नि म्हणाला, "चाचा, कळंबला एक जुनी फियाट इकायची हाय. चला की बघायला."

फियाट म्हटल्यावर अल्लाबक्ष यांनी चप्पलसुद्धा नीट घातली नाही.

कळंबला चंद्राबाईंच्या गोठ्याशेजारच्या छपरात गाडी उभी होती. मालक गोकुळराव वारल्यापासून ती दसऱ्यालाच सुरू व्हायची, पूजेपुरती. एरवी मागच्या सीटवर कोंबड्या राहत. आता चंद्राबाईंना छपरात नवी गाय बांधायची होती.

गाडी हिरवी होती. अल्लाबक्ष यांनी नंबर वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. त्यांच्याकडं होती तेव्हा ती दुधी रंगाची होती, पण नंबर तोच. मुलीच्या, साजियाच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी ती इंदापूरच्या एका व्यापाऱ्याला दिली होती. त्यानंतर कित्येक दिवस ते इंदापूर रस्त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक फियाटचा नंबर वाचत असत. त्या नादात एकदा सायकलसकट कालव्याच्या भरावावरून खाली गेले होते.

आता ती समोर होती, आणि ते दुसऱ्यासाठी बघायला आले होते. एकच वाट होती. युवराजनं नको म्हणायला हवं. मग चार आठवडे जाऊ द्यायचे आणि एकट्यानं यायचं. त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. शिवाय खोटं बोलायचीही गरज नव्हती. या गाडीच्या खोडी त्यांच्याइतक्या कुणालाच माहीत नव्हत्या.

"डाव्या बाजूचा पत्रा ठोकून भरलेला हाय," हातही न लावता ते म्हणाले. "म्हशीची धडक हाय."

"म्हशीचीच कशावरनं?" चंद्राबाईंनी विचारलं.

"शिंगाची खूण दिसतीया न्हवं."

चंद्राबाईंनी वाकून बघितलं. पत्रा गुळगुळीत होता.

"मागच्या सीटखाली गंज असणार. रस्सा सांडलाय."

"रस्सा?" युवराज म्हणाला.

"मटणाचा." मेव्हण्याच्या लग्नाचं ते पातेलं होतं. त्या दिवशी मागं बसलेल्या बिस्मिल्लानं वळणावर झाकण घट्ट धरलं होतं, पातेलं नाही.

"आन् दुसरा गिअर कुथत असंल. उसाची ट्रॉली वढलीया हिनं, चिखलातनं."

"फियाटनं ट्रॉली कोण वढंल चाचा?"

"असत्यात काही येडे."

चंद्राबाई कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत राहिल्या. "तुमी मेकॅनिक हाय का देवऋषी?"

युवराज मात्र खूश झाला. "झकास! मावशी, ऐकलं न्हवं? मग भाव जरा खाली आना. मला तर इंजिन पायजेच न्हाय."

"म्हंजे?" अल्लाबक्ष म्हणाले.

"कार्यालयाच्या दारात चौथऱ्यावर ठेवायची. इंजिन काढून बॉनेटात झेंडू लावायचा. छप्पर कापून वर कमान करायची. नवरा-नवरी आत बसनार, फोटो! पुण्याला बघून आलोय मी."

अल्लाबक्ष ज्या बाजेवर बसले होते तिथून उठले आणि पुन्हा बसले. ज्या गाडीला धुताना ते फडकंसुद्धा जुन्या मलमलीचं घेत, तिच्या छपराला आता करवत लागणार होती. ही माझी गाडी आहे, मीच घेतो, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं. पण डोळ्यांपुढं पिंपळीचा चौक आला, आणि चौकात स्वतःच्या कपाळावर मुंडावळ्या.

"आधी सुरू करून बघू," ते म्हणाले.

"कशाला चाचा? इंजिन तर काढायचंच—"

"मला बघायला आनलंयस ना? मग बघू दे."

ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडल्या. चंद्राबाईंनी कोंबड्या हुसकावल्या, मागच्या सीटवरची अंडी पाटीत भरली आणि पाटी पुढच्या डाव्या सीटवर ठेवली. "एवढी कोपऱ्यावरच्या जाऊबाईंच्या दारात द्या. फुटली तर गाडीच्या किमतीत धरीन."

अल्लाबक्ष यांनी चोक अर्धा ओढला, किल्ली फिरवली, थांबले, डॅशबोर्डवर एक चापट मारली आणि पुन्हा फिरवली. गाडी खोकली, निळा धूर सोडला नि सुरू झाली. कोंबड्या उसात पळाल्या. युवराज मागं, कोंबड्यांच्या पेंढ्यात बसला.

कालव्याच्या कडेचा रस्ता खड्ड्यांचा होता. स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी अल्लाबक्ष यांच्या हाताला न बघता सापडत होती. दुसरा गिअर कुथला, तिसरा लोण्यासारखा पडला. जाऊबाईंच्या दारात पाटी उतरवली तेव्हा एकाही अंड्याला चीर नव्हती.

परत येईपर्यंत युवराज मागच्या सीटवरून पुढं वाकून बसला होता. "चाचा, दांडी वर केली की कुठला पडतो?" मग थोड्या वेळानं, "नवरी हिच्यातनंच आनली तर? चालत्या गाडीत फोटो! सगळ्या तालुक्यात कुनाकडं न्हाय." आणि छपरापाशी उतरल्यावर त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "बोला. घेऊ का नको?"

आता नुसतं 'नको' म्हणायचं होतं. युवराजनं ते ऐकलंही असतं. पिंपळीत त्यांचा शब्द कुणी मोडला नव्हता. चार आठवड्यांनी गाडी त्यांच्या दारात आली असती. अल्लाबक्ष यांनी बॉनेट उघडून एकदा आत बघितलं, बंद केलं, आणि त्यावरचा हात काढायला थोडा वेळ लावला.

"घे. चालती ठेव. छपराला पाना लावलास तरी मला इचारून लाव."

"मगाशी तर निस्त्या खोडी काढत हुता!" चंद्राबाई म्हणाल्या.

"खोडी हायतच. मीच केल्यात. माझी हुती ही गाडी."

 चंद्राबाईंनी विचारलं, "म्हंजे ती म्हस तुमाला धडकली?"

"न्हाय. मी म्हशीला."

"आवो चाचा, मग तुमीच घ्या की!" युवराज म्हणाला.

"मी बघायला आलोय," अल्लाबक्ष म्हणाले.

व्यवहार ठरला, चहा झाला. युवराजला स्वतः एक चक्कर मारायची होती. सवयीनं अल्लाबक्ष उजव्या दाराशी गेले, तर तिथं युवराज बसलेला. मग ते वळसा घालून डावीकडं बसले. या गाडीत ते या बाजूला कधीच बसले नव्हते; ती जागा बिस्मिल्लाची असायची.

युवराजनं गाडी दोनदा बंद पाडली, तिसऱ्यांदा उडवत पुढं नेली. पहिल्याच खड्ड्याला अल्लाबक्ष यांना खालून काहीतरी कचकन टोचलं. ते सरकले. दुसऱ्या खड्ड्याला सरकलेल्या जागी टोचलं. सीटमधली स्प्रिंग वर आली होती, आणि ती आजकालची नव्हती. रेक्झिनला पडलेलं भोक झिजून गुळगुळीत झालं होतं.

एवढ्यात फोन वाजला. बिस्मिल्ला होती.

"कुठं हाय?"

"कळंबला. आपल्या फियाटमधी बसलोय. युवराजनं घेतली. तोच चालवतोय."

"म्हंजे तुमी डाव्या सीटवर?"

"व्हय."



"टोचतंय का?" बिस्मिल्लानं विचारलं.

गाडी तिसऱ्या खड्ड्यात गेली. अल्लाबक्ष यांनी दाराचा दांडा धरून स्वतःला उचललं आणि तसेच अधांतरी बसून म्हणाले, "रस्ता खराब हाय."